अदमास

देवगडच्या रुग्णालयात, प्रयोगशाळेच्या दाराशी
लाकडी पट्टी आहे. मीच ठोकली.
आधीची कागदाची होती, खाऱ्या हवेनं सैल पडायची,
आणि सैल कागदावर
पोरं एका पावसाळ्यात सेंटिमीटरभर खुजी व्हायची.

लौकिक तारी, वय सात, आनंदवाडी.
भिंतीला पाठ लावली आणि हळूच टाचा उचलल्या.
मी खाली वाकून त्याच्या पायांवर हात ठेवला:
टाचा टेक, राजा.
उंच व्हायची शर्यत नाही ही.

त्याची आई विचारते,
दुखणं कमरेत, मग मापं उंचीची कशाला?
मी सांगते, मोठ्या माणसांचं गणित मुलांना लावता येत नाही.
लहानांचं वेगळं आहे:
उंची घ्यायची, एका ठरल्या आकड्यानं गुणायची,
रक्तातल्या क्रिएटिनिननं भागायची.
एकशे नऊ. शून्य पूर्णांक चार.
उत्तर येतं एकशे बारा. उत्तम.
टाचा उचललेल्या ठेवल्या असत्या
तर आणखी तीन वाढले असते,
नुसत्या हौसेनं.

उत्तम म्हटलं तरी माझा हात शिक्क्यावर गेला नाही.
शर्टाच्या बाहीत दंड नव्हताच त्याचा,
बाहीच होती.
क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या चुलीची राख.
चुलीत लाकडंच दोन, तर राख किती पडणार?
आणि राख थोडी दिसली
की आपण म्हणतो, वा, झाडलोट चोख आहे.

डॉक्टर नेवगींनी चोवीस तासांची लघवी मागवली.
आई कॅन घेऊन आली, पाच लिटरचा, खोबरेल तेलाचा,
तीनदा धुतलेला. वर चिठ्ठी:
सकाळी सहा ते सकाळी सहा.
मग पदराआड तोंड करून म्हणाली,
"एकदा जेटीवरना खाडीत केल्यान.
तां कसा मोजूचा?"
लौकिक हसला. मीही.
भरती होती म्हणे तेव्हा.
कॅन मी बाजूला ठेवला, वहीत लिहिलं: अपूर्ण.

त्याचा आजा बाहेर बाकावर बसला होता,
भिकाजी तारी, आता होडीवर जात नाही.
मी त्याला आकडा सांगितला, चांगलाय असं सांगितलं,
आणि पटत नाही असंही सांगितलं.
तो बराच वेळ बोटं मोजत राहिला, मग म्हणाला,
"बाय, चिखलात शिसा रुतता.
दोरी तीन वाव दाखयता,
पाणी आसता अडीच.
होडी मगे बसता."
आणि मग, जणू मला विचारतच नाही अशा आवाजात,
"शिशाच्या बुडाक चरबी लावूची.
तळ काय आसा तां चिकटान वर येता."

चरबी म्हणजे आमच्याकडे सिस्टॅटिन.
स्नायू असोत नसोत, त्याला फरक नाही.
ती तपासणी इथं होत नाही;
बर्फाच्या डब्यात नळी, संध्याकाळच्या एसटीनं कोल्हापूर.
कंडक्टरला वाटलं सुरमई आहे.
मी म्हटलं, तशीच जप.

चौथ्या दिवशी आकडा आला.
एकसष्ट.

एकशे बारा आणि एकसष्ट यांच्या मधलं पाणी
कुठं गेलं, कुठंच नाही.
ते नव्हतंच कधी.
औषधाचा डोस निम्म्यावर आला,
वेदनेची एक गोळी कायमची बंद झाली,
आईनं विचारलं, म्हणजे बिघडला काय?
नाही हो. बिघडलेलं होतंच.
आज फक्त आपली होडी कुठं आहे ते कळलं.

तीन महिन्यांनी परत.
लौकिकनं स्वतःच चप्पल काढली,
पट्टीला पाठ लावली,
टाचा इतक्या घट्ट दाबल्या की बोटं वर आली.
"आता खरा सांग," म्हणाला.
एकशे दहा.
मी पेन्सिलीनं खूण केली, तारीख घातली.
तो वळून त्या खुणेकडे पाहत राहिला,
आणि तिच्या वरच्या रिकाम्या लाकडाकडे.